झोपेचा दाखला

वहिनी बाळंत होऊन अकरा दिवस झाले होते आणि या अकरा दिवसांत ती सलग दोन तास झोपलेली नव्हती. घरातला जबाबदार दीर या नात्याने मी परिस्थितीचा आढावा घेतला आणि एक डूला नेमली.

"डूला?" आईने विचारलं. "म्हणजे पाळणा हलवणार का?"

"प्रसूतीनंतर कुटुंबाला आधार देणारी प्रशिक्षित व्यक्ती," मी माहितीपत्रक वाचून दाखवलं.

"मग मी इतके दिवस काय गोट्या खेळत होते?"

आईकडे प्रमाणपत्र नव्हतं, त्यामुळे हा मुद्दा मी निकालात काढला.

डूला अगदी वेळेवर आली. तिने चपला काढल्या, हात स्वच्छ धुतले आणि सतरा पानी फॉर्म उघडला. "आजचं उद्दिष्ट?"

"झोप," वहिनी म्हणाली. "दोन तास. बस्स."

डूलाने योग्य त्या चौकोनात खूण केली, पडदे ओढले, उशी सारखी केली. वहिनीचे डोळे मिटले. माझा ऊर भरून आला. तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं.

"घ्या ना त्याला," मी म्हणालो.

"बाळ आमच्या कार्यकक्षेत येत नाही. लाभार्थी आई आहे. बाळ रडल्याची नोंद मात्र मी घेतली आहे."

वहिनीने उठून बाळाला पाजलं, निजवलं आणि ती पुन्हा आडवी झाली. पंधराव्या मिनिटाला डूलाने तिचा खांदा हलवला. "ताई, इथे सही करा. झोप लागल्याची."

"लागली होती हो!"

"तेच लिहायचंय. दर पंधरा मिनिटांनी सही लागते, नाहीतर सेवा दिली असं धरत नाहीत."

"मी करतो सही," मी पुढे सरसावलो.

"झोप तुमची आहे का?"

मी पेन वहिनीच्या हातात दिलं.

चौथ्या सहीला वहिनी पेन हातात धरूनच झोपली. सही कागदावरून घसरत चादरीवर गेली. डूलाने ती पहिल्या सहीशी ताडून पाहिली. जुळेना. तिने वहिनीला पुन्हा उठवलं.

वहिनी उठून बसली आणि रडायलाच लागली. "भाऊजी, त्यापेक्षा तुम्ही दोन तास बाळाला घेऊन बाहेर बसला असतात, तरी चाललं असतं हो!"

सूचना खरोखर मोलाची होती. मी ती शेवटच्या पानावर, 'सेवेत सुधारणा' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिली आणि डूलाला पुढच्या आठवड्याचीही वेळ दिली. बाळाला घेणं मला जमत नाही. मान धरावी लागते म्हणतात.

तुमच्याकडे कुणी बाळंतीण असेल तर सांगा, नंबर देतो. बाळ घेऊन बसायला तुम्हाला तरी वेळ कुठे असतो!