प्रस्थानातली टोपी

शेजारचा प्रभाकर अमेरिकेला निघाला, ही बातमी श्रीपादमास्तरांना ऐन जेवणात कळली आणि तोंडातला घास तोंडातच फिरू लागला. डोंबिवलीच्या शाळेत ते सतरा वर्षं भूगोल शिकवत होते. मिसिसिपीच्या उपनद्या त्यांना झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येत, पण स्वतः ते खडवलीच्या पलीकडे गेले नव्हते. आणि कारखान्याने वर्षभरासाठी शिकागोला धाडलं कोणाला, तर प्रभाकरला.

"मॅट्रिकला त्याने रोम आफ्रिकेत काढलं होतं," मास्तर म्हणाले.

"काढेना का. जातोय ना आता," सुमतीबाई म्हणाल्या. "भात वाढू?"

संध्याकाळी प्रभाकरच दारात. "मास्तर, विमानाचं आणि तिकडच्या मोटारीचं तुम्हीच ठरवून द्या. न्यूयॉर्कला भाड्याची मोटार घेऊन शिकागो गाठायचं म्हणतोय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

मास्तरांचा नुसता जळफळाट झाला, पण नाही म्हणवेना. पंधरा दिवस ते नकाशात डोकं खुपसून बसले. कैरो, रोम, लंडन, मग अटलांटिक ओलांडून गँडरला तेल भरायला थांबायचं. मोटारीचा रस्ता वाकडा करून त्यांनी त्यात नायगारा घातला. नद्या निळ्या, रस्ते तांबडे, अशी साठ पानांची वही पुठ्ठ्यात बांधून झाली. पहिल्या पानांवर 'प्रभाकरने डावीकडे वळावे' असं होतं. विसाव्या पानापासून 'मी डावीकडे वळतो' कधी सुरू झालं, ते त्यांनाही कळलं नाही.

विमान निघालं शनिवारचं, आणि शनिवारी अमावास्या. प्रभाकरची आई, गंगूकाकू, गुरुवारी सकाळी गाठोडं घेऊन आल्या. त्यात प्रभाकरचा सदरा, सुपारी आणि अक्षता होत्या.

"श्रीपाद, मुहूर्त आजचा आहे. प्रस्थान तुझ्याकडे ठेवते, म्हणजे प्रभाकर आजच निघाल्यासारखा. शनिवारी जाताना तो उचलेल. सोडू मात्र नकोस हो."

दुपारी सुमतीबाई विहिरीवर गेल्या. मास्तर गाठोड्याकडे बघत बसले. त्या सदऱ्याचासुद्धा त्यांना हेवा वाटला. शेवटी त्यांनी गाठ सोडली, आपली बारा वर्षांची काळी टोपी घडी घालून सदऱ्याखाली सारली आणि गाठ होती तशी बांधली. आपण नाही तर निदान टोपी तरी.

शुक्रवारी ते बोडक्याने शाळेत गेले. हेडमास्तरांनी विचारलं, "घरी सगळं ठीक?" घरात कोणी गेलं असावं असं समजून दोन शिक्षक सांत्वनाला येऊन गेले. मास्तरांनी टोपी माकडाने नेली म्हणून सांगितलं. संध्याकाळी शाळेची मुलं त्यांच्या दारातल्या आंब्यावर चढून टोपी शोधू लागली.

शनिवारी सगळे टॅक्सीत स्वतःला कोंबून सांताक्रूझच्या विमानतळावर गेले. सामान तीन पौंड जास्त भरलं. तपासणीच्या साहेबाने गाठोडं सोडून टोपी वर काढली.

"अहो, ही तर..." सुमतीबाई म्हणाल्या.

"माकड विमानाने जातंय वाटतं," प्रभाकर म्हणाला आणि टोपी मास्तरांकडे देऊ लागला.

गंगूकाकूंनी त्याचा हात धरला. "प्रस्थानात गेलेलं मागे फिरवायचं नाही. दुसरं काय ते काढ."

प्रभाकरने लोणच्याची बरणी काढली, तरी अर्धा पौंड उरला. मग त्याने पुठ्ठ्याची वही काढली. "मास्तर, रस्ता काय, तिकडे विचारता येईल."

मास्तर परत आले ते वही मांडीवर घेऊन.

दोन महिन्यांनी पत्र आलं. वही नसल्यामुळे प्रभाकर रस्ता चुकला आणि शिकागोऐवजी थेट नायगाऱ्याला पोचला. 'तिथे थंडी होती म्हणून तुमची टोपी घातली. नंतर ती भाड्याच्या मोटारीतच राहिली. चौकशी केली, तर दुसरं गिऱ्हाईक ती मोटार घेऊन कॅलिफोर्नियाला गेलंय. मी वर्षाने येईनच. टोपीचं काही सांगवत नाही.'

मास्तरांनी नकाशा पसरला आणि त्यावर बोट फिरवत बराच वेळ बसले. प्रभाकरचा हेवा त्यांच्या मनात आता राहिला नव्हता.

"बारा वर्षं डोक्यावर घेतली तिला," ते म्हणाले. "आज रॉकी पर्वत ओलांडत असेल."

सुमतीबाईंनी दुसऱ्या दिवशी नवी टोपी आणली. मास्तर ती घालून शाळेत गेले, पण भूगोलाच्या तासाला जाताना त्यांनी ती काढून शिक्षकांच्या खोलीत खुंटीला लावली.

"का हो, मास्तर?" हेडमास्तरांनी विचारलं.

"हिला नकाशा दाखवायचा नाही," मास्तर म्हणाले आणि बोडक्याने वर्गात गेले.