कासमभाईंचा हाब्रे

माणसाची पारख कुणी चालीवरून करतं, कुणी बोलण्यावरून. कासमभाई ती हाब्रेवरून करत. आमच्या मेसचा मॅनेजर दोन्ही हात वर करून सगळ्यांवर ओरडू लागला की हे कांदा चिरता चिरता शांतपणे सांगत, "घाबरलाय. हाब्रे घाबरला का असाच मागच्या दोन पायांवर उभा ऱ्हातो, हात वर करून." दुपारी कुणी तोंडावर पंचा ओढून झोपला की तो शेपटी पांघरलेला हाब्रे. जेवून कुणी सावकाश मिशा पुसत बसला की तोही हाब्रे. मी एकटाच समुद्राकडे फिरायला जाई, तेव्हा मलाही तो मान मिळे, कारण हाब्रे आपल्या जातभाईंतही फारसा मिसळत नाही.

ही गोष्ट साठ सालानंतरची, आखातातल्या सालमियाची. कासमभाई रत्नागिरीकडचे, आम्हा वीसेक हिंदी कारकुनांच्या मेसचे स्वयंपाकी. तरुणपणी ते बोटीवर भंडारी, म्हणजे खलाशांचे स्वयंपाकी, होते. तिथल्या एका साहेबाने त्यांना दार्जिलिंगच्या वरच्या अंगाला आपल्या चहाच्या मळ्यावर नेलं, आणि तिथल्या बांबूच्या रानात त्यांना आईविना पडलेलं एक पिल्लू सापडलं. डोंगरातले लोक त्याला हाब्रे म्हणत. मांजराहून जरा मोठा होणारा, अंगाने तांबडा, पोटाने काळा, तोंडावर पांढरा, शेपटीवर पट्टे. दिवसा शेवाळलेल्या फांदीवर झोपायचं आणि उठलं की बांबूची कोवळी पानं खायची, एवढाच त्याचा संसार. आता पुस्तकांत लाल पांडा म्हणून त्याचं चित्र दिसतं. तेव्हा आम्हाला ते ठाऊक नव्हतं, आणि आपल्याला ठाऊक नाही ते खोटं, असा आम्हा शिकलेल्यांचा खाक्या होता.

बाहेर तोझ सुटलेला, म्हणजे वाळूचं वादळ. खिडक्या बंद, आत भट्टी पेटल्यासारखं. आणि हे भात उपसत सांगणार, "हाब्रेला ऊन सोसत नाय. त्याला ढगात ऱ्हावाला पायजे." मी सगळ्यांना डोळा मारून विचारायचो, कासमभाई, उडतो का हो तो? ते खरोखर आठवून बघत आणि म्हणत, "नाय. उडताना मी बघितला नाय."

कासमभाईंना कुराण वाचता येई, पण मराठी लिहिता-वाचता येत नसे. दर शुक्रवारी सुट्टीला ते हात धुऊन, टोपी घालून माझ्याकडे पत्र सांगायला येत. लिहिणारा म्हणून त्यांनी मला मास्तर करून टाकलं होतं. आधी सगळ्यांना सलाम, मग आईचे गुडघे, मग शेळी, मग गळकी कौलं. आणि शेवटी खैरूनसाठी हाब्रे. खैरून त्यांची एकुलती एक मुलगी. ती चाळीस दिवसांची असताना एकदा आणि तीन वर्षांची असताना एकदा, एवढंच त्यांनी तिला पाहिलं होतं. दुसऱ्या खेपेला ती त्यांना बघून दाराआड पळाली आणि सुट्टी संपेपर्यंत जवळ आली नाही. पुढच्या खेपेला तिने पळू नये, म्हणून हा हाब्रे. दर पत्रात थोडा थोडा.

आता सांगायचं ते सांगून टाकतो. मी तो लिहिलाच नाही. एअर लेटर लहान, माझा हात दुखायचा, आणि असल्या थापा पोरीच्या गळी कशाला मारायच्या, असंही मला वाटे. "खैरूनला दुवा" एवढं लिहून मी कागद संपवायचो. वाचून दाखवताना मात्र हाब्रे तोंडपाठ म्हणून दाखवायचो. घरचं उत्तर आलं की ते विचारत, हाब्रेचा काय लिवलाय? पत्र गावच्या गुरुजींच्या हातचं, त्यात हाब्रे येणार कुठून? मग मीच रचायचो. त्याच्या शेपटीवर खैरून फार हसली. खैरून विचारते, त्याला थंडी वाजत नाही का. कासमभाई खाली मान घालून ऐकत, आणि त्या दिवशी माझ्या ताटात तळलेल्या पापलेटचा एक तुकडा जास्त पडे. तो मी खात असे. दोन वर्षं खाल्ला.

एका शुक्रवारी आलेल्या पत्राच्या शेवटी पेन्सिलीने लिहिलेल्या दोन-तीन ओळी होत्या. खैरून शाळेत लिहायला शिकली होती. ते वेडंवाकडं अक्षर कासमभाईंनी लगेच ओळखलं आणि त्यावर बोट ठेवलं. काहीतरी रचावं म्हणून मी तोंड उघडलं, पण ते बोट माझ्या शब्दाबरोबर पुढे सरकायला टपलेलं होतं. माझ्याने खोटं वाचवेना. मी वाचलं:

"अब्बा, तुम्ही शेळीचं विचारता. दादीच्या गुडघ्यांचं विचारता. मला काहीच का लिहीत नाही?"

बोट तिथेच राहिलं. मी सगळं कबूल केलं. त्यांच्याकडे बघायचा धीर मला झाला नाही. आज हे लिहितानाही कानशिलं तापतात.

ते म्हणाले, "मंजे ती शेपटीवर हसली, ता पन तुमीच?"

मी मान हलवली.

"ता आयकून मी दोन वर्सां काढली, मास्तर." मग म्हणाले, "तुमाला खोटा वाटत व्हता तर मना सांगाचा व्हता. मी तिला दुसरा कायतरी सांगितला असता."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, पहिल्यापासून सांगा, सगळं लिहितो. त्यांनी सांगितलं, पण अडखळत, मधूनमधून माझ्या तोंडाकडे बघत, हे लिहिण्याजोगं आहे ना असं विचारत. तीन एअर लेटरं भरली. पत्ते घातले आणि मी कडा चिकटवायला घेतल्या, तर त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला.

"राग मानू नका मास्तर," असं म्हणून ते तिन्ही कागद घेऊन मेसखालच्या मराठी शिंप्याकडून वाचून घ्यायला गेले.