तृप्ती-कुंजातला तांब्या

"दोन महिने तिखट बंद. पाणी उकळलेलंच प्यायचं," असं डॉक्टरांनी मधुकररावांना बजावलं आणि सक्करदऱ्याच्या त्या दोन खोल्यांत प्रेमिलाबाईंचं राज्य सुरू झालं. सदर भागातल्या ऑफिसला निघताना नवऱ्याच्या एका हाती मुगाच्या खिचडीचा डबा, दुसऱ्या हाती उकळून गार केलेल्या पाण्याचा फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या. तांब्या कुहीच्या माहेराहून लग्नात आलेला. पोटावर कोरलेलं, 'चि. प्रेमिला हिस आईकडून'. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, बाकीची भांडी भावजयीने ठेवून घेतली होती. माहेरचं म्हणून उरला होता तो हा एक तांब्या.

"तांब्या जपा जी. अन् हाटेलच्या पायरीवर पाय ठेवू नका."

"मी काय लहान लेकरू आहो का वं?"

लहान लेकरू बरं, सांगितलेलं ऐकतं तरी! नवव्या दिवशी मधुकरराव दवाखान्यातून औषध घेऊन ऑफिसकडे निघाले, तर वाटेत तृप्ती-कुंज उपाहारगृह. आतून तर्रीचा, पोह्यांवर ओतायच्या त्या लालभडक रश्श्याचा, वास आला. आठ दिवस खिचडीवर काढलेला माणूस तो, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? दोन प्लेट तर्रीपोहे हाणले. तर्री अशी जहाल, की उकळलेलं पाणी संपलं, वर हॉटेलचे तीन गिलास संपले, आणि नाक-डोळे पुसत मधुकरराव बाहेर पडले. तांब्या टेबलावरच राहिला.

"तांब्या कुठं आहे?" संध्याकाळी बाईंचा पहिला प्रश्न.

"दवाखान्यात राहिला वाटते."

खोटं बोलायला अक्कल लागत नाही, ती ते निभवायला लागते.

दुसऱ्या दिवशी ते हॉटेलात गेले. गल्ल्यावरच्या मॅनेजरने वर्तमानपत्रातून मान काढली नाही.

"काल माझा तांब्या राहिला इथं."

"पहिले बसा. ऑर्डर द्या."

"मले काही खायचं नाही. फक्त तांब्या..."

"साहेब, गिऱ्हाइकाचं सामान गिऱ्हाइकाले भेटते. तुम्ही गिऱ्हाईक आहा का?"

मधुकरराव मुकाट बसले. पोहे मागवले, खाल्ले. मग मॅनेजर म्हणाला, "सकाळच्या वेटरले विचारा. तो उद्या येईन." उद्या पोहे खाल्ल्यावर कळलं, की वेटर गावाला गेला. परवा पोहे खाल्ल्यावर कळलं, की भांड्यांचं मालक पाहतात आणि मालक दुपारी झोपतात. पोटात आगडोंब उसळला. घरी प्रेमिलाबाई खिचडी आणखी पातळ करू लागल्या. "काहून उतार पडून नाही राहिला?" म्हणत त्या रात्री पोटावर एरंडेल चोळत, तेव्हा मधुकररावांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

शनिवारी ते घरी आले तर बाई खुशीत होत्या.

"गेलती मी दवाखान्यात. तो कंपाउंडर, चंद्रभान, 'तांब्या पाहलाच नाही' म्हणते! चार पेशंटसमोर झाडला त्याले. चोर म्हटलं!"

मधुकररावांनी हातातली पिशवी खाली ठेवली. गेल्या पावसाळ्यात ते तापाने फणफणले होते तेव्हा हाच चंद्रभान सदरपासून सायकलने औषध घेऊन आला होता. साधा चहासुद्धा न घेता परत गेला होता. आत्ता बोलावं, हे त्यांना कळत होतं. पण ते हातपाय धुवायला मोरीवर निघून गेले.

सोमवारी ते हॉटेलात शिरले ते ऑर्डर न देताच. आणि पाहतात तो काय, कोपऱ्यातल्या टेबलावर हॉटेलच्या तांब्यांच्या रांगेत त्यांचा तांब्या! फिरकी गायब होती, पण कडेचा पोचा ओळखीचा होता.

"हा माझा!" त्यांनी झडप घातली.

"असन तर न्या न. ओरडता काहून?" मॅनेजर म्हणाला. "झाकण आमच्याकडं आलं नाही."

मधुकररावांनी तांब्या फिरवला. 'चि. प्रेमिला हिस आईकडून'. आणि त्याच्या खाली, ताज्या, चकचकीत अक्षरांत, 'तृप्ती-कुंज, सदर येथून चोरलेला'.

"हे काय गा?"

"लोक भांडे उचलून नेतात, साहेब. मालकानं काल नाव टाकणारा बसवला अन् सरसकट टाकून घेतलं. एकएक तांब्या वाचत कोण बसते?"

ते तडक बाजारात गेले. नाव टाकणाऱ्याने तांब्या उजेडात धरला. "घासून देतो, पण वरची ओळ बी जाईन. दोन्ही लागून आहेत."

मधुकररावांनी तांब्या छातीशी धरला आणि घरी नेला. बायकोपुढे ठेवला, आणि भिंतीकडे पाहत पोह्यांसकट सगळं सांगून टाकलं.

प्रेमिलाबाईंनी बोट फिरवत दोन्ही ओळी वाचल्या.

"माझ्या मायनं उभ्या जन्मात कोणाची काडी उचलली नाही जी," त्या एवढंच म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसून उठल्या आणि पायात चपला घातल्या. "चला. मी त्या भल्या माणसाले चोर म्हटलं."

दवाखान्यात गर्दी होती. बाईंनी सगळ्यांदेखत हात जोडले. मधुकररावांनीही जोडले, आणि मोठ्याने सांगितलं, "चूक माझी आहे गा चंद्रभान. हिले मी खोटं सांगितलं होतं."

चंद्रभानने तांब्या घेऊन वाचला. त्याला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. माठातलं पाणी तांब्यात भरून त्याने बाईंच्या हाती दिलं आणि मधुकररावांकडे बोट केलं. "आईचा आहे, वहिनी. आता यायच्या हाती देऊ नका."

तेव्हापासून तांब्या फळीवर असतो, अक्षरं बाहेर करून. पाहुणा आला की बाई त्यातूनच पाणी देतात. पाहुणा वाचतो, दचकतो आणि विचारतो.

"यायले विचारा," असं नवऱ्याकडे मान उडवून म्हणत त्या स्वयंपाकघरात जातात.

मग मधुकरराव सांगू लागतात. पण त्यांची गोष्ट पोह्यांपासून सुरू होत नाही. "आमच्या दवाखान्यात एक चंद्रभान म्हणून कंपाउंडर आहे," इथून ती सुरू होते, आणि आत भांड्यांचा आवाज तेवढ्यापुरता थांबतो.