हक्काचं घर तयार आहे!

"आपल्या मसुद्यात चूक काढणारा अजून जन्माला यायचाय!" गृहनिर्माण खात्यातले हेडक्लार्क छाती फुगवून सांगत, आणि ते खोटंही नव्हतं. त्यांचा मसुदा कोणी वाचतच नसे!

सत्तर वर्षांपूर्वी सरकारने कामगारांसाठी चाळीस इमारती बांधल्या होत्या. दोन खोल्या, घरात नळ आणि डोक्यावर घरमालक नाही! हेडक्लार्क तिथेच जन्मले, तिथल्याच जिन्यात बसून पाढे पाठ करत मोठे झाले. आता त्यातली एकच इमारत उरली होती. खात्याने तिच्यातलं एक घर जुन्या थाटात सजवून प्रदर्शन मांडलं. नाव दिलं, 'आपलं हक्काचं घर'.

साहेब म्हणाले, "गर्दी दिसली पाहिजे. घरासाठी अर्ज केलेल्यांनाही बोलवा."

हेडक्लार्कनी पाच मिनिटांत पत्र तयार केलं. नावाभोवतीची अवतरणचिन्हं उगाच वाटली, ती काढून टाकली. पत्र गेलं, "आपलं हक्काचं घर तयार आहे. अवश्य यावे."

उद्घाटनाच्या सकाळी हेडक्लार्क येऊन बघतात तर प्रदर्शनातल्या पलंगावर वळकटी, स्टोव्हवर चहा, दोरीवर टॉवेल! वॉचमनला पत्र दाखवून आत आलेल्या एक बाई फरशी पुसत होत्या. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या आया होत्या त्या.

"चपला बाहेर काढा," त्या म्हणाल्या.

"अहो मावशी, हे घर बघायचंय, राहायचं नाही!"

"बघितलं की! छान आहे. भाड्याची खोली सोडून आले मी. अकरा वर्षं वाट बघितली, आता कशाला थांबू?"

तेवढ्यात साहेब पाहुण्यांना घेऊन हजर!

"वा! अगदी हुबेहूब!" साहेब खूश झाले. एका पाहुणीने वाकून विचारलं, "आजी, तुम्ही कोणत्या काळातल्या?"

"मी? आत्ताचीच की!"

सगळे खो खो हसले. मग मावशींनी पत्र दाखवलं. साहेबांनी हेडक्लार्कना जिन्यात ओढलं. "आत्ताच्या आत्ता बाहेर काढा यांना!"

हेडक्लार्कनी आत पाहिलं. मावशी पाहुण्यांना चहा देत होत्या. आपली आईही इथे आली त्या दिवशी अशीच शेजाऱ्यांना चहा देत फिरली असेल, असं वाटून त्यांना भरून आलं.

"साहेब, पत्रावर सही आपली आहे. रीतसर नोटीस द्यावी लागेल."

"मग करा मसुदा! पाच मिनिटांत!"

"पाच मिनिटांत नाही जमायचं, साहेब," हेडक्लार्क मान खाली घालून म्हणाले, "माझ्या मसुद्यात फार चुका होतात."