बटनाचा पडदा

माझ्या लेकाला, कल्याणला, चालू वस्तू बघवत नाही. काही नीट चाललेलं दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. मिक्सर उघडून झाला, शिलाई मशीन उघडून झालं. माझ्या उशाचा रेडिओ उघडला तेव्हापासून त्यावर फक्त खरखर लागते, तीच मी सवयीनं ऐकते.

अशा माणसाच्या ताब्यात यंदा एक घरगाडी आली. कारण माझी लेक दिशा. पहिलटकरीण ती, बाळंतपणाला माहेरी पुणतांब्याला आणायची, आणि तिची सासू रंगूबाई श्रीगोंद्याहून पाठवायला तयार नाही. एसटीत हादरे, जीपमध्ये गर्दी, वर रस्त्यानं लोकांची नजर. पोरीला निजवून नेता येईल आणि ती कुणाच्या दृष्टीला पडणार नाही अशी गाडी आणा, नाहीतर बाळंतपण इथंच करू, असं तिनं फोनवर सुनावलं. पहिलं बाळंतपण सासरी, म्हणजे गावात मी तोंड कुठं दाखवायचं?

श्रीरामपूरच्या आवेजकडे, म्हणजे कल्याणच्या मित्राकडे, तशी गाडी होती. आत पलंग, शेगडी, मोरीसुद्धा. आणि खिडकीला बटणावर वरखाली होणारा पडदा. कल्याणनं फोनवर त्याचं असं काही वर्णन केलं की रंगूबाई म्हणाली, "बटनाचा आसंल तर धाडते."

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं अख्ख्या गल्लीला पडदा दाखवला. ज्यानं मागितलं त्याला बटण दाबू दिलं. शेवटी मोटर जळली आणि पडदा वर अडकला तो अडकलाच. मी म्हटलं, माझं लुगडं ठोक खिडकीवर.

"आई, म्या बटन सांगितलंय. लुगडं बगितलं की मावशी दिशाला उंबऱ्याभाईर सोडायच्या न्हाईत."

त्यात खोटं काही नव्हतं. मग त्यानं गोठ्यामागच्या मोडक्या जीपच्या वायपरची मोटर काढली आणि पडद्याला जोडली. पडदा झोकात खाली आला. मग आपला आपण वर गेला. मग परत खाली. काचेवरचा पाऊस पुसत असल्यासारखा.

"थांबवायचं तेवढं ऱ्हायलंय," कल्याण म्हणाला.

इंजिन चालू की पडदा चालू, इंजिन बंद की असेल तिथं उभा. श्रीगोंद्यात रंगूबाईच्या दारात त्यानं गाडी चालू-बंद, चालू-बंद केली, तेव्हा कुठं पडदा खाली थांबला. तिनं आत येऊन पलंग दाबून पाहिला, पडदा चाचपला आणि बेस आहे म्हणाली. दिशाची ओटी भरली, तिला निजवलं. मी पायथ्याशी बसले. कल्याणनं गाडी चालू केली.

दारातल्या रंगूबाईला सून दिसली. मग दिसेना. मग दिसली. हातात कुंकवाचं ताट घेऊन ती उभी, आणि तिची मान पडद्याबरोबर वरखाली. दिशाला हसू आवरेना, ती पोट धरून हसायला लागली.

"थांबिव गाडी," रंगूबाई म्हणाली.

मी मनात म्हटलं, आता पोरीला उतरवून घेते. पण ती स्वतःच चढली, सुनेला आतल्या अंगाला सरकवलं आणि खिडकीला टेकून बसली. "नजर लागायची तर मला लागू दी. चल."

समोरच्या ओट्यावर तिची जाऊ उभी होती, दोघींचं बोलणं बंद. पडदा वर गेला, जावेनं आ वासला, पडदा खाली आला. रंगूबाईनं पदर सारखा केला.

"परत वर जातो का वं ह्यो?" तिनं मला हळूच विचारलं.

"जातो की."

पुढं साखर कारखान्यापाशी उसाच्या गाड्यांची रांग. आम्ही मुंगीच्या पावलानं. पडदा उघडला की कुणी बैलगाडीवाला नाहीतर ट्रॅक्टरवाला हात जोडायचा, रंगूबाई मान हलवायची, पडदा पडायचा. निवडणुकीला उभी राहिल्यासारखी. नगर ओलांडल्यावर तर तिनं माझ्या डोक्यातला गजरा मागून घेतला. दिशा गाढ झोपली होती. तिला कुणीच पाहिलं नाही, कारण खिडकीभर सासूच होती.

पुणतांब्याला लेकीवरून भाकरतुकडा ओवाळला आणि तिला घरात घेतलं. जीव सुपाएवढा झाला. रंगूबाई सकाळी त्याच गाडीनं परत जाणार होती. मी धपाटे करून बांधले. इतक्या हौसेनं मी आजवर कुणाची शिदोरी बांधली नव्हती.

ती ऐटीत खिडकीशी बसली. गाडी सुरू झाली. पडदा हलेना.

"मावशी, नीट केला म्या," कल्याण छाती काढून म्हणाला. "मधी बटन बसवलं. दाबलं की खाली, अन् खालीच ऱ्हातो."

रंगूबाईनं बटण दाबलं. पडदा गुमान खाली आला आणि तिथंच राहिला. तिनं जरा वाट पाहिली. मग उतरली, पिशवी घेतली आणि येऊन माझ्या खाटेवर बसली.

"आसल्या कोंडवाड्यात कोन बसंल? बारशापोतूर हितंच ऱ्हाते म्या. अन् इहीनबाई, काल आमटीला मीठ कमी हुतं."

मी धपाट्यांचं गाठोडं कल्याणच्या हातात दिलं.

"कल्या, जल्मभर चांगल्या वस्तू मोडल्यास, म्या सोसलं. अन् जवा मोडकंच ठिवायचं हुतं, तवा बरी तुला दुरुस्ती सुचली. जा, त्यो पडदा बिघडवल्याबिगर घरात पाऊल टाकू नगं."