दगड झालेल्या फुफ्फुसाचा तपास

लातुरात माझ्यासारखा गुप्तहेर दुसरा नाही. असता तर मी त्याला शोधून काढलाच असता. भूकंपाच्या पहाटे अख्खी गल्ली जीव मुठीत धरून रस्त्यावर धावली, पण हा मार्तंड जागचा हलला नाही. लोक याला धैर्य म्हणतात. मला जागच आली नव्हती, हे फक्त आमच्या मंडळींना ठाऊक आहे. पोटासाठी मी क्लासवाल्यांचे बॅनर करतो. एकच टॉपर तीन क्लासांच्या बॅनरवर चढवायचा तर त्याच्या शर्टाचा रंग बदलावा लागतो, त्यामुळे वेशांतरात माझा हात कोणी धरू शकत नाही.

सोमवारी सकाळी राघवेंद्र सरांच्या क्लासमधून बोलावणं आलं. तिथले बायोलॉजीचे दयानंद सर डोक्याला हात लावून बसले होते. टेबलावर त्यांचं मॉडेल होतं. एकीकडे प्लास्टिकचं हाड, दुसरीकडे स्पंजचं फुफ्फुस, मधे सलाईनची नळी. शनिवारपर्यंत मऊ असलेला स्पंज आज टकटक वाजत होता.

"अकराला पालकांपुढं डेमो हाय," सर म्हणाले. "फुफ्फुसाला इजा झाली की अस्थिमज्जेतल्या काही पेशी रक्तातून वाहत तिथं जातात आन् जखम भरायला हातभार लावतात. भरणं थांबलंच न्हाई, तर फुफ्फुस कडक होतं. आता मऊ फुफ्फुसच न्हाई, तर काय दाखवू? डेमो फसला तर माझी बॅच दुसऱ्याला, आन् मी नायगावच्या शाखेत सातवीला."

मी भिंग काढलं. भिंगाला चीर आहे, त्यामुळे प्रत्येक संशयित दोनदा दिसतो आणि तपासाला भारदस्तपणा येतो. "स्पंजात सिमेंट ओतलंय," मी जाहीर केलं. "हे बाहेरच्याचं काम."

समोरच्या क्लासचा चौथा मजला चढत होता, म्हणजे सिमेंट तिथलंच. मी चौकशीला गेलो, तर मालकानंच मला धरलं. "मागच्या साली आमचा टॉपर त्यांच्या बॅनरवर कसा काय गेला?" मी लगेच परत फिरलो.

दुसरा संशयित वॉचमन चंद्रप्पा. उदगीरचा, म्हणजे बाहेरचाच.

"उदगीर लातूर जिल्ह्यातच हाय," तो म्हणाला. "तुमचं गाव कंचं?"

"नायगाव."

"ते तर नांदेडात हाय."

मी त्याचं नाव खोडलं. तेवढ्यात दयानंद सरांची निळी बोटं दिसली.

"साबुदाण्याला शाई लावली," सर म्हणाले. "वाहणाऱ्या पेशी म्हणून साबुदाणा घेतला. बाहेरून आलेल्या कोणत्या ते ओळखू यावं म्हणून निळा केला. गरम पाण्यात रंग लवकर चढतो."

मी वहीत लिहिलं: 'संशयितानं शाई कबूल केली. सिमेंट लपवतो आहे.'

मेसवर स्वयंपाक करणाऱ्या नागुबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी स्पंज नखानं खरवडला.

"सर, शनिवारी नळीतून सोडून बघितलाव का ह्यो साबुदाणा?"

"हाव. एकदा करून बघितलं."

"मग सगळा इथंच येऊन बसलाय. गरम पाण्यानं चिकट झाला, ऐतवारभर खिडकीतल्या उन्हात वाळला. एकादशीच्या खिचडीचं पातेलं घासायचं राहिलं की असंच वाजतंय."

दयानंद सरांनी स्पंज उचलून टेबलावर टकटक वाजवून बघितला. "म्हणजे कोणी काई केलंच न्हाई," ते हळूच म्हणाले. "दाणे वाहत आले आन् फुफ्फुस कडक झालं. मॉडेल चाललं." त्यांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगतो, माझेही.

अकराला त्यांनी तो स्पंज पालकांच्या हातात दिला. प्रत्येकानं वाजवून पाहिला, आत अडकलेले निळे दाणे मोजले. दीपमालाबाई नावाच्या एका आईनं विचारलं, "म्हणजे सगळा दोष बाहेरून आलेल्याचाच का?"

"न्हाई, ताई. जागेवरच्या पेशीबी यात असतात. कुणाचा वाटा किती, यावर अजून वाद चालू हाय. आन् बाहेरून आलेल्या पेशी आधी जखम भरायलाच आलेल्या असतात."

दारात उभा चंद्रप्पा माझ्याकडं बघत होता. मी भिंग पुसायला घेतलं.

बॅच दयानंद सरांकडंच राहिली. संध्याकाळी राघवेंद्र सरांनी बॅनर सांगितला: 'फुफ्फुस दगड करून दाखवणारा लातुरातला एकमेव क्लास'. मी दयानंद सरांचा फोटो लावला. बाहीवर शाईचे निळे डाग होते. या वेळी शर्टाला हात लावला नाही.