कर्णिकांचा कोमट तलाव

एकतीस वर्षं केमिकल कंपनीचं खरेदी खातं सांभाळून १९९२ साली निवृत्त झालेल्या गुरुदत्त कर्णिकांनी आयुष्यात एकही वस्तू चुकीची निवडली नव्हती. हे दुसऱ्या कोणी सांगितलेलं नाही. ते स्वतःच सांगत, दिवसातून सरासरी चारदा! साधा झाडू घ्यायचा तरी तीन नमुने मागवायचे, कागदावर रकाने आखायचे, प्रत्येकापुढे शेरा लिहायचा आणि मग निर्णय. तोवर घरात कचरा गुडघाभर साचला तरी बेहत्तर!

गुडघ्यावरून आठवलं. या सगळ्याला कारण झाले ते त्यांच्या पत्नीचे, प्रमोदिनीबाईंचे गुडघे. ठाण्याच्या डॉक्टरांनी ते दाबून पाहिले आणि म्हणाले, "कोमट पाण्यात पाय हलवत जा, आराम पडेल." एवढंच. बाईंनी ऐकलं ते घंगाळ. कर्णिकांनी ऐकला तो स्विमिंग पूल!

कोलशेतला खाडीच्या बाजूला त्यांचा नवा बंगला होता. मागच्या अंगणात खोदकाम सुरू झालं आणि दिवाळीला वीस फूट लांब, दहा फूट रुंद, निळ्या फरशीचा तलाव तयार! गावातले लोक त्याला हौद म्हणत. कर्णिक प्रत्येकाला थांबवून सांगत, "हौद नाही, जलतरण तलाव!"

डिसेंबरात नातेवाईकांना बोलावून उद्घाटन झालं. कर्णिकांनी नवी चड्डी घातली, छाती काढली आणि सूर मारला. वर आले तेव्हा चेहऱ्याचा रंग फरशीशी जुळत होता! दातांचा असा ताशा वाजत होता की टाळ्या वाजवायची कोणाला गरजच उरली नाही. प्रमोदिनीबाईंनी पायाचा अंगठा तेवढा बुडवला आणि काढून घेतला.

"अहो, मला गुडघे बरे करायचेत, गोठवायचे नाहीत."

"तलाव गरम करू!" टॉवेलात गुंडाळलेले कर्णिक म्हणाले. "त्यात काय! योग्य पद्धत निवडायची, बस्स. निवड माझ्यावर सोपव."

बाईंनी त्याच संध्याकाळी माळ्यावरचं घंगाळ खाली काढून ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी रकाने आखले गेले. पहिला रकाना, वीज. वीजमंडळाच्या माणसाने तलाव पाहिला, आकडेमोड केली आणि म्हणाला, "साहेब, एवढ्या विजेवर दोन पिठाच्या गिरण्या चालतील. घरगुती जोडणीत नाही जमायचं."

"प्रयोगाशिवाय निष्कर्ष काढू नये," असं कर्णिकांनी त्याला ऐकवलं. तो गेल्यावर ओळखीपाळखीतून बादलीत सोडायचे सहा हिटर गोळा केले, एका बांबूला ओळीने टांगले, बांबू तलावावर आडवा टाकला, सगळ्यांना लांब उभं केलं आणि बटण दाबलं. फट्! कर्णिकांचा फ्यूज गेला, खांबावरचा गेला आणि अख्ख्या आळीची वीज गेली. पलीकडच्या घरात गोमाजी कोळ्याच्या मुलाची हळद चालू होती. गाण्याच्या ऐन भरात लाऊडस्पीकरने मान टाकली. पाचव्या मिनिटाला गोमाजी हळदीच्या हाताने कुंपणाशी!

"काय ओ साहेब! माझे पोराचे हलदीला वीज नाय, न तुमी हौद शेकवताव?"

"हौद नाही, जलतरण..." कर्णिक सुरुवात करणार तोच प्रमोदिनीबाईंनी त्यांना घरात ओढलं.

दुसरा रकाना, सूर्य. डोंबिवलीहून दौलत नावाचा एक टाय लावलेला विक्रेता आला. त्याने गच्चीवर काळ्या काचेची एक पेटी बसवली आणि संध्याकाळी नळ सोडून दाखवला. बादलीभर पाणी, अगदी कढत! कर्णिक हरखले.

"आणि पूर्ण तलावासाठी?"

दौलतने गच्चीकडे पाहिलं, तलावाकडे पाहिलं, टाय सैल केला. "सर, शेजारच्या चार घरांची छपरं मिळाली तर होऊन जाईल."

चारांतलं पहिलं छप्पर गोमाजीचं होतं. त्यावर बोंबील वाळत होते आणि गोमाजी अजून घुश्शात होता. हा रकानाही खोडला गेला.

गॅसचा रकाना तर भरायच्या आधीच गेला. एजन्सीतल्या माणसाने शांतपणे सांगितलं, "तुमचा दुसरा सिलेंडर अजून नंबरात आहे, काका."

यात जानेवारी अर्धा सरला. प्रमोदिनीबाई रोज सकाळी स्वयंपाकघरात पातेलंभर पाणी तापवायच्या, घंगाळात ओतायच्या आणि त्यात पाय बुडवून पेपर वाचायच्या. कर्णिकांना ते घंगाळ डोळ्यांसमोर नको असे. त्यांच्या एवढ्या अभ्यासाचा तो धडधडीत अपमान होता!

"चार दिवस धीर नाही धरवत?"

"चार दिवस कधीच झाले. आणि गुडघे माझे आहेत, कंपनीचे नाहीत."

शेवटी तारणहार भेटला तो चांगदेव. हा कंपनीतला जुना बॉयलरवाला, निवृत्त होऊन कळव्याला राहायचा. तो म्हणाला, "साहेब, एवढा घोळ कशाला घालता? लाकडावरचा छोटा उभा बॉयलर भंगारात पडलेला मिळेल. वाफेचा पाइप थेट पाण्यात सोडायचा. काम फत्ते!"

कर्णिकांनी रकाना आखला, भरला आणि खाली लाल शाईने लिहिलं: "सर्वोत्तम." मग अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या आडोशाला बॉयलर उभा राहिला. माजिवड्याच्या वखारीतून टेम्पोभर लाकूड आलं. शनिवारी सकाळी चांगदेवने जाळ केला आणि वाफ पाण्यात शिरताच असा काही गडगडाट झाला की जमिनीखालून कोणीतरी ट्रंका ओढतंय असं वाटावं. पाइप जुना होता, त्यामुळे सगळा गंज पाण्यात उतरला आणि निळा तलाव चहासारखा तांबूस झाला.

"रंगाचं बघू नंतर," कर्णिक थर्मामीटर नाचवत म्हणाले. "बत्तीस अंश! बत्तीसच्या वर एक अंश नको. संध्याकाळी मंद आच ठेवून जा."

चांगदेवची सारी नोकरी कारखान्याच्या भट्टीपुढे गेलेली. त्याच्या लेखी मंद आच म्हणजे बाभळीचे आठ ओंडके! ते आत सारून तो कळव्याला निघून गेला.

रविवारी उजाडताना मनुबाई कोळीण मासळीची पाटी घेऊन मागच्या दाराशी आली ती किंचाळलीच.

"अगो बाय! तुमचे हौदान वाफ निंगते! मना वाटला, आग लागली!"

सगळं अंगण वाफेने भरलं होतं. तांबूस पाणी मधूनच गुडगुड करत होतं. मनुबाईने वाकून हात घातला आणि तिचा चेहरा उजळला.

"वज्रेश्वरीचे कुंडासारका गरम हाय गो!"

एवढं बोलून पाटी तिथेच ठेवून ती जी पळाली ती अर्ध्या तासात पंधरा-वीस बायका घेऊन परतली. पुढे काठी टेकत म्हातारी दगडाबाई. कोणाची कंबर, कोणाचा खांदा, कोणाच्या पोटऱ्या. एकीच्या हातात नारळही होता.

आता कर्णिकांना कंठ फुटला. हे असलं काही ते सुशिक्षित माणूस म्हणून खपवून घेणार नव्हते! पायरीवर उभं राहून त्यांनी पंधरा मिनिटं भाषण केलं. अंधश्रद्धा म्हणजे काय, भूगर्भ म्हणजे काय, वाफ कशी होते. "हा कसलाही चमत्कार नाही! हे दैवी कुंड नाही! हे बॉयलरचं पाणी आहे! समजलं?"

दगडाबाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "ता आमाला ठावं हाय. ता काय धूर दिसत नाय? माझा पोरगा बॉलरवरच कामाला हाय. पन गुडघ्याला देव नाय लागत साहेब, गरम पानी लागते."

"मग तो नारळ?"

"ता बाजारान चाललेला," नारळवाली म्हणाली.

तेवढ्यात प्रमोदिनीबाई जुनी नऊवारी नेसून बाहेर आल्या. त्यांनी फाटक पूर्ण उघडलं, दगडाबाईचा हात धरला आणि दोघी एक-एक पायरी उतरत कमरेपर्यंत पाण्यात गेल्या. मागोमाग सगळ्या. पाणी बत्तीस कसलं, चाळीस अंश होतं! बाईंनी डोळे मिटले, पाय हळूहळू हलवले आणि त्यांच्या तोंडून असा काही "आऽह" निघाला की लग्नानंतरच्या तीस वर्षांत कर्णिकांनी तसा कधी ऐकला नव्हता.

"पाणी जास्त तापलंय!" कर्णिक ओरडले. "बाहेर ये, मी आधी मोजतो!"

"तुम्ही आत जा बघू. इथे बायका आहेत."

आपल्याच तलावावरून हाकलला गेलेला हा बहुधा कोलशेतमधला पहिलाच मालक!

पण खरी गंमत पुढच्या रविवारी झाली. बातमी ठाण्याला पोचली, तिथून डोंबिवलीला. कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्म काढलेले त्र्यंबक राजे, रसायनशास्त्राचे पदवीधर, पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन घेऊन दारात हजर!

"गुरुदत्ता, बोलला नाहीस! अंगणात गरम पाण्याचं उन्हाळं लागलं आणि मित्राला पत्ता नाही?"

कर्णिक सांगणारच होते. 'बॉयलर' हा शब्द जिभेवर आलाही होता. पण त्र्यंबकांनी ओंजळभर तांबूस पाणी घेतलं, नाकाला लावलं, चक्क चाखलं आणि भक्तिभावाने म्हणाले, "लोह! भरपूर लोह आहे! अरे, जागा काय निवडलीस तू!"

तीन महिन्यांत कर्णिकांच्या निवडीला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. 'निवडलीस' हा शब्द कानात शिरला आणि ते विरघळले.

"तशी... जमीन पारखूनच घेतली होती," ते पुटपुटले.

दगडाबाईला जे दिसलं ते चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर त्र्यंबकांना दिसलं नाही. पत्र्याआडून धूर येत होता आणि ते त्याकडे पाठ करून कॅन भरत होते! पाच लिटर गंज घेऊन ते डोंबिवलीला गेले, रोज सकाळी अनशापोटी चमचा-चमचा घेऊ लागले आणि भूक वाढल्याचं त्यांनी सगळ्या सोसायटीला सांगितलं.

प्रमोदिनीबाईंना हे कळलं. त्यांनी लगेच फाटकावर पाटी लावली: 'हे बॉयलरचे पाणी आहे. पिऊ नये. मंगळवार, शुक्रवार, रविवार फक्त बायकांसाठी.'

"आणि माझ्यासाठी?" कर्णिकांनी विचारलं.

"उरलेले चार दिवस आहेत की."

उरलेल्या चार दिवसांत बॉयलर बंद असे आणि पाणी पुन्हा गार पडे. एकट्या माणसासाठी एवढं लाकूड जाळणं बाईंना पटत नव्हतं.

फेब्रुवारीत चांगदेव लेकीकडे अंबरनाथला गेला. जाताना कर्णिकांना झडप कशी उघडायची, ओंडका कसा सारायचा हे शिकवून गेला. दुसरं कोणी शिकायला तयार नव्हतं. शिवाय बॉयलर त्यांनीच तर निवडला होता! तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस पहाटे उठून माजी खरेदी अधिकारी गुरुदत्त कर्णिक बनियन आणि अर्ध्या चड्डीत लाकडं फोडू लागले. घामाने निथळायचे, तोंड काळं व्हायचं, भुवयांचे पुढचे केस जळून गेले. पत्र्यापलीकडे वीस बायका पाण्यात पाय हलवत हसायच्या, खिदळायच्या. प्रमोदिनीबाई आता जिना काठीशिवाय चढत होत्या. ते बघून कर्णिकांना आत कुठेतरी बरंही वाटे, पण ते कोणाजवळ कबूल करण्याची त्यांची पद्धत नव्हती.

एका शुक्रवारी माजिवड्याहून तुळसा नावाची बाई पहिल्यांदाच आली होती. पाण्यात बसल्या बसल्या तिने पत्र्याच्या फटीतून पलीकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात हाक मारली,

"ओ बंबवाले! झोपलात काय? इकडे पानी निवलं ना! टाका की दोन लाकडं!"

तलावातल्या सगळ्या बायका प्रमोदिनीबाईंकडे बघू लागल्या. पत्र्याआड कर्णिक हातात ओंडका घेऊन ताठ उभे राहिले आणि आपली ओळख करून दिली जाण्याची वाट पाहू लागले.

"मोठ्याने सांग गं," प्रमोदिनीबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "त्यांना जरा कमी ऐकू येतं."